हजेरी

बैठक केरीच्या शाळेत भरली, रविवारी.
चौथीच्या बाकांवर मोठी माणसं
गुडघे छातीशी घेऊन बसली.
इतिवृत्त मी लिहीत होते.

चोर्ला घाट उतरून रोज पहाटे
बेळगावची अंडी येतात,
आमच्या दारावरून खाली जातात
म्हापशाला, कळंगुटला.
"आमच्या वाट्याला ट्रकचा धूर,"
सत्यवती माजिक म्हणाली.
तिच्या साठ कोंबड्या,
मुंगसाने नेलेल्या धरून पासष्ट.

वाळपईच्या इनास पोदेराला
नाताळात एका बेबिंकाला चाळीस बलक लागतात.
"पिवळा म्हणजे पिवळा हवा," तो म्हणाला,
"पांढऱ्याचं मी बघतो."
हॉटेलचा माणूस फोनमधून मान न काढता म्हणाला,
रोज तीनशे, सगळी एका मापाची.
सत्यवती हसली,
"एका मापाची तर माझी पोरंही नाहीत रे."

डॉक्टरीणबाईंनी लसीची पेटी नुसती पुढे ठेवली.
"ही थंड राहायला हवी.
वीज किती तास असते इथे?"
कोणी बोलेना.
मग उगम गावस,
ज्यांनी गेल्या साली वास येतो म्हणून
पंचायतीत अर्ज दिला होता,
खाकरून म्हणाले,
दुकानात आइसक्रीमचा फ्रीज आहे माझा.
पावसात रिकामाच. इन्व्हर्टरवर चालतो.

मी लिहिलं : शीतपेटीची सोय, श्री. गावस.
अर्जाचं लिहिलं नाही.

कुळागरवाल्यांना पोफळींसाठी खत हवं,
पण ओलं नको,
भाताचा कोंडा मिसळून पंधरवडा वाळवलेलं.
कोंडा गिरणीवाल्याकडे,
आणि तो आलाच नव्हता.
नाव घालू का त्याचं?
घाल, घाल, सगळे एका सुरात.
सकाळपासून एवढं एकच एकमत.

भावावर आलो तेव्हा पंखासुद्धा ऐकू येऊ लागला.
ती बारा म्हणाली. तो नऊ.
ती पुन्हा बारा.
तेवढ्यात नमुन्याचं अंडं
मास्तरांच्या उतरत्या टेबलावरून घरंगळलं
आणि पाच-सहा हात एकदम झेपावले,
पीठ लागलेला, अंगठीवाला,
शेणाने भेगाळलेला.
कोणाच्या ओंजळीत गेलं, मला दिसलं नाही.
फुटलं नाही, एवढं खरं.

भाव पुढच्या बैठकीत, असं लिहून
मी सह्यांना वही फिरवली.

दाराशी, पायाला सुतळी बांधलेली,
सत्यवतीने दाखवायला आणलेली तांबडी कोंबडी
फळ्याखालचा खडू टोचून बघत होती.
हजेरीत तिचं नाव नव्हतं.
खडू तिने पुरता संपवला.
कवचाला म्हणे चुना लागतो.