कडता

ह्यांचे डोळे पिवळे झाले
तेव्हा सांगलीच्या यार्डात कुणाच्या लक्षात आलं नाही.
तिथं सगळंच पिवळं: नखं, कॉलरी,
चहाच्या कपाचा कान, कुत्र्याची पाठ.
तीस वर्षं तोलारकी.
ओल्या हळदीला कडता धरायचा,
काटा थांबल्याशिवाय आकडा बोलायचा नाही.

आता ह्यांचाच आकडा काढतात, मिरजेला.
रक्ताच्या तीन नळ्या, त्यातून एक आकडा,
तो पुण्याच्या यादीत जातो.
मोठा असला की नंबर पुढं.
मगदूम डॉक्टरीण म्हणाल्या, ज्याला घाई जास्त
त्याला लिव्हर आधी. हिशोब सरळ आहे.

श्रावणात पोटातनं सात लिटर पाणी काढलं.
रात्री मला आक्का म्हणाले,
पंख्याला राजापुरीचा दर विचारला.
अठ्ठावीस.
मी बॅग भरून दाराशी ठेवली.

फोन आला नाही. गोळ्या लागू पडल्या.
दिवाळीला अर्धी भाकरी,
मग एक,
मग रिक्षानं यार्डात जाऊन बसून आले.
सतरा.
शेजारीण म्हणाली, बरं झालं बाई.
बरंच झालं होतं. तेच तर.

बस्तीत हात जोडले की सुचेना काय मागायचं.
थोडं बिघडू दे?
थोडं म्हणजे किती?
कुठल्या आकड्यापर्यंत बिघडलेलं माणूस
परत आणता येतं?
तांदूळ वाहिले, काही न मागता आले.

माघात एकतीस.
पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी फोन:
भूपाल चौगुलेंचं घर ना? ताप आहे का?
खोटं बोलायला एक क्षण होता.
आहे, म्हटलं. तीन दिवस. छातीत कफ आहे.
पलीकडं कागद हलला.
मग आज नाही जमणार, ताई.

कुणाला तरी मिळालं असेल.
त्या घरी त्या रात्री कुणी झोपलं नसेल,
आमच्यासारखंच.

सकाळी ताप उतरल्यावर हे म्हणाले,
चांगल्या दिवसांचा कडता कापतात गं माझ्या.
आणि वाईट दिवस आले
की म्हणतात, माल ओला आहे.
हसले. बऱ्याच दिवसांनी.

परवा परत रक्त.
बॅगेतला टॉवेल मी धुवायला काढलाय.
हळदीचा डाग साबणानं जात नाही,
उन्हात ठेवावा लागतो.
दोरीवर घातलाय.
ऊन आज येतंय, जातंय.