पुढचा थांबा

बाल्त्सी शहरात अकरा वर्षं ट्रॉलीबस चालवतोय.
माझ्या पाठीमागे, छताच्या जाळीतून, एक बाई बोलते:
पुढचा थांबा, बाजार.
पुढचा थांबा, प्रसूतिगृह.
उतरताना पायरी सांभाळा.
बर्फ असो, धुकं असो, पहाटेची पहिली फेरी असो,
तिला कधी सर्दी झाली नाही.

गेल्या मार्चात एक बाई पुढच्या दारानं चढली.
सुटे नव्हते. म्हणाली, 'बाजारापर्यंत.'
आणि त्याच क्षणी वरून जाळीही म्हणाली, बाजार.
मी ब्रेक जरा जोरातच दाबला.

नाव अक्सेनिया. आता अक्रोडाच्या कारखान्यात
पट्ट्यावरून येणाऱ्या गरातला काळा पडलेला वेचते.
नखं कायमची तपकिरी.
आवाजाचं विचारलं तर म्हणाली,
दोन दुपारी, एक खोली, भिंतींना गोधड्या,
नऊशे लेई, रोख.
कागदावर खाली बारीक अक्षरांत बरंच काही होतं.
'चष्मा घरी राहिलेला,
आणि पोराचे बूट फाटलेले.'

तेव्हापासून ती कुठं कुठं बोलते.
कर्जाच्या जाहिरातीत हसते,
तशी ती स्वतः कधी हसलेली नाही.
कुठल्याशा बँकेत लोकांना ताटकळत ठेवते,
गोड बोलून.
कुणाच्या तरी लेकरांना पोर्तुगीजमध्ये गोष्टी सांगते,
एक अक्षर कळत नसताना.
गोधड्यांच्या त्या खोलीत आता टायर मिळतात.

मग ऑक्टोबर. मतदानाच्या आदल्या रात्री
घरोघर फोन वाजले.
नमस्कार. शाळेतलं केंद्र उद्या बंद आहे.
मतदान सोमवारी.
उतरताना पायरी सांभाळा.
हे शेवटचं कुणी घातलं देव जाणे,
पण लोकांचा विश्वास बसला तो त्यावरच.

प्रोफिरा, वय चौऱ्यांशी, सोमवारी
फुलाफुलांचा रुमाल बांधून शाळेच्या फाटकाशी उभी.
आत मुलं पाढे म्हणत होती.

अक्सेनिया दारोदार फिरली. 'ते मी बोलले नाही.'
लोक मान कलती करून ऐकायचे,
शब्द नाही, आवाज.
प्रोफिरा म्हणाली, 'अगं, पण तूच तर सांगितलंस.'
आणि तिला आत बोलावून
चेरीचा मुरंबा वाढला, राग न धरता.
तो तिच्या घशाखाली उतरेना.

एकेचाळीस मतांनी कुणीतरी निवडून आलं.
भाषण छान झालं.
ते कुणी लिहिलं, विचारू नका.

दुसऱ्या दिवशी मी पेचकस काढला
आणि जाळीमागची तार सोडवली.
डेपोतून लेखी विचारणा आलीय. खिशात आहे.
'थांबे तुम्हीच सांगा,' मागं ओरडलो.
आधी सगळे चिडीचूप.
मग कुणी म्हणालं, बाजार.
बाजार कसला, जुनी गिरणी म्हण.
एका म्हाताऱ्यानं सोव्हिएत काळातलं नाव काढलं,
त्यावर दोघं भांडले.
एक पोरगी म्हणाली, जिथं पाव मिळायचा ना, ते.
एका थांब्याला चार नावं,
आणि आम्ही सहा मिनिटं उशिरा.

अक्सेनिया खिडकीशी बसलेली, ओठ मिटून.
पुढचं वळण आलं. कुणीच काही बोलेना.
एक पोटुशी बाई दांडा धरून उठली,
बाहेर बघत होती, काचेवर वाफ.
मी आरशात पाहिलं.
अक्सेनियानं घसा खाकरला,
म्हणाली, प्रसूतिगृह.
आवाज ओळखू आला नाही.
सर्दी झाली होती तिला.