गाळ

येळ्ळूर रोडला, न्हाणीचं पाणी जिथून नाल्याकडं वळतं
तिथं नीलव्वा होसमनींच्या परसात एक निळं पिंप आहे.
आत मणी. पिवळसर, साबुदाण्याएवढे,
चिमटीत दबतात, फुटत नाहीत.

मी केले ते, कॉलेजच्या मागच्या खोलीत.
समुद्रशेवाळाचा चीक, त्यात जिवाणूंचा गाळ,
सुईतून थेंब थेंब कॅल्शियमच्या पाण्यात.
पडताना थेंब, तळाशी जाईतो मणी.
चार हजारांपर्यंत मोजले, मग सोडलं.

"काय करूलालीस गे? उपासाचं व्हय?"
तुमचं सांडपाणी खातात हे, मावशी.
सून नाक दाबून आत गेली.

मोकळे असते तर पहिल्याच बादलीबरोबर वाहून गेले असते.
घाईचे नाहीत ते. एकाचे दोन व्हायला दिवस घेतात.
म्हणून अडकवले.
सालीत राहतात हवा लागणारे,
गाभ्यात हवा न चालणारे,
आणि सालीतल्यांनी टाकलेलं गाभ्यातले खातात.
मधे ना भिंत, ना फलक.
केसाएवढ्या अंतरावर हवा आपली आपण संपते.

गाभ्यातल्यांना थोडा गूळही लागतो.
संकेश्वरचा, काळा. दुकानदार विचारतो, चहाला?
खरं सांगितलं त्या दिवशी त्यानं पाच रुपये कमी घेतले.

बाबांचं भात याच नाल्यावर होतं.
छातीएवढं, काळपट हिरवं. लोक थांबून बघायचे.
बाबा म्हणायचे, माजलंय.
दसऱ्यानंतर वारा नसताना आडवं व्हायचं,
लोंबी हातात घेतली की पोचट.

सोमवारी नीलव्वानं गोधड्या धुतल्या.
मंगळवारी पिंपात मणी नव्हते, पेज होती.
साबणाच्या पुडीनं कॅल्शियम ओढून घेतलं होतं.
मी उंबऱ्यावर बसले. ती काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी धुण्याची मोरी वेगळी काढलेली,
ओल्या सिमेंटवर मांजराची पावलं,
आणि ती कॉलेजच्या फाटकाशी: "सुई दे मला."
तिचे मणी माझ्यापेक्षा गोल.

आज काचनळीतला गुलाबी रंग जेमतेम उरलाय.
पिंपाला कान लावला तर बारीक चुरचुर.
"मग घाण गेली कुठं?"
वर, मावशी. हवेत. होती तिथंच.
तिनं वाळत घातलेल्या गोधडीकडं बघितलं.
"गाळी," म्हणाली.
मला गाळ ऐकू आलं.
नाही म्हणणार होते,
तेवढ्यात गोधडी हलली.
तिच्या भाषेत गाळी म्हणजे वारा.