हा जाळायचा नाही

माझगावात पिठाच्या गिरणीवर, पहिला मजला.
डॉक्टर तस्नीम परकार माझी मान मोजतात.
अकरा. पापणीच्या कडेला एक. बारा.
कॉलर घासून घासून वाढलेल्या चामखिळी,
नगावर भाव.
दारुखान्यात आम्ही अख्खी जहाजं वजनावर विकली.

लहानपणी आईने टांगेवाल्याकडून
घोड्याच्या शेपटीचा केस मागून आणला होता,
बोटावरच्या चामखिळीला करकचून बांधला.
आठव्या दिवशी ती गळली
आणि शेजारच्या बोटावर उगवली.
मग चुना आणि धुण्याचा सोडा.
तो डाग अजून आहे, चामखीळ कधी गेली आठवत नाही.

सुन्न करणारं मलम, वर प्लास्टिकचा कागद, पाऊण तास.
यंत्राला दोन दिवे, जमिनीवर पेडल.
पोटरीखाली त्यांनी एक थंड पत्रा सरकवला.
"अर्थिंग?" मी विचारलं.
त्या थांबल्या. "तुम्हाला कसं माहीत?"
एकोणतीस वर्षं, बाई.
होल्डर हातात, अर्थचा चिमटा बोटीच्या अंगाला.
करंटला परतायची वाट लागते.
फक्त तेव्हा ते अंग माझं नसायचं.

"छातीत पेसमेकर? शरीरात धातू?"
छातीत काही नाही.
उजव्या खांद्यात एक कण आहे,
त्र्याऐंशी सालचा, कुठल्याशा ग्रीक बोटीचा.
त्यांनी तेवढंही लिहून घेतलं.

सुईचं टोक टेकलं. काचेत अडकलेल्या माशीसारखा आवाज.
मग वास. केस जळाल्याचा, आणि त्याच्या मागून माझा.
ओळखीचा होता.
ठिणगी शर्टात शिरली की हाच यायचा,
पण तेव्हा कुणी धूर ओढायची नळी धरून
शेजारी उभं नसायचं.
इथे एक मुलगी उभी होती, चष्मा लावून,
माझा धूर वाया जाऊ देत नव्हती.

हात चांगला आहे डॉक्टरांचा.
टेकवतात, उचलतात. रेंगाळत नाहीत.
ओल्या कापसाने काजळी पुसून
खालचा गुलाबी थर बघतात, मग पुन्हा.
नवी पोरं रेंगाळायची आणि भोक पाडायची.

बारा झाल्या. सदरा घालणार तेवढ्यात
त्यांना पाठीवर काहीतरी दिसलं.
दिव्याची भिंग आणली. बराच वेळ बोलल्या नाहीत.
खाली गिरणीचा पट्टा फटफट करत होता.
"हा जाळायचा नाही."
एकच तर आहे, म्हटलं, लगेहाथ उडवा.
"जाळला की राख. राखेत काही वाचता येत नाही.
हा कापून तपासायला पाठवू."

टाकीला ज्योत लावण्याआधी
आत काय साचलंय ते बघायचं असतं.
त्याचा कागद असतो, कागदावर सही असते.
त्या दिवशी कागद होता, सही होती.
बघितलं कुणी नव्हतं.
रामसूरतची एक चप्पल आम्हाला क्रेनवर सापडली.

हे मी परकारबाईंना सांगितलं नाही.
"कापा," एवढंच म्हटलं.

दोन टाके. मसुराच्या डाळीएवढा तुकडा
बाटलीतल्या पाण्यासारख्या औषधात तळाला गेला.
वर बॉलपेनने: व्ही. तोडणकर, पु., ६१.
खपल्या काढू नका. मलम दोनदा.
आणि उन्हात फिरू नका, म्हणाल्या,
मला हसू आलं, टाके ओढले.

घरी ही दारातच. "झालं सगळं? किती घेतले?"
बाराचे दिले, म्हटलं. तेराव्याचं गुरुवारी कळेल.
"तिन्हीसांजेला तेराव्याचं नाव काढू नका,"
ती म्हणाली,
आणि दिवा लावून
बोट न टेकवता
माझी मान मोजायला लागली.