पासंग

चोवीस गाड्या, एकाच कारखान्यातल्या.
इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, टायर तेच,
बोल्टांच्या भोकांतून तार ओवून
मीच दाबलेलं शिशाचं सील, चोवीस वेळा.
डावं-उजवं करायला जागाच ठेवलेली नाही.
रंग तेवढे ज्याचे त्याचे,
आणि आत बसणारं माणूस.

नियम असा : गाडी अधिक माणूस,
हेल्मेट, बूट, घामासकट
बाराशे साठ किलो. खाली जायचं नाही.
जो हलका भरेल त्याच्या सीटखाली शिशाच्या पट्ट्या.
माझं काम एवढंच.
गाडी काट्यावर, आकडा वहीत, सही, पुढची.

एप्रिल, झांडफोर्ट. समुद्राकडून वाळू उडत येते,
पहिल्या वळणावर डांबरावर पिठी धरते.
गाडी नंबर सतरा. ब्लाझ कोटनिक, वय एक्कावन्न,
प्तुय गावात बेकरी.
व्हॅनमध्ये सुट्या चाकांवर पावांचे दोन क्रेट, सगळ्या पॅडॉकला पुरतील असे.
शिसं : शून्य.
"माझा पासंग मीच," पोटावर थाप मारून म्हणाला.
चौदावा आला.

मे, ब्रनो. चार किलो.
"बेकरीवाल्यानं बारीक होणं म्हणजे धंद्याची बदनामी,"
मी म्हणाले. तो हसला.
पट्टी उचलून तळहातावर जराशी झेलली,
"दोन किलो. वीस ग्रॅम कमी."
काट्यावर टाकली.
वीस ग्रॅम कमी.

जून, हंगेरोरिंग. नऊ.
त्याची मुलगी नेझका पट्टे आवळते,
आवळून झाल्यावर पुन्हा आवळते.

जुलै, स्पा. एका टोकाला ऊन, दुसऱ्या टोकाला सर.
तेरा किलो. मी वहीतून मान वर केली नाही.
सूट अंगावर नव्हता, खुंटीवर होता.
त्या ओल्यात तो सहावा आला.
ओ रूजच्या चढावर बाहेरून गाठलं त्यानं
बेर्गामोच्या लुदोविकोला, वय एकोणीस,
ज्याच्या ट्रकमध्ये कॉफीचं वेगळं मशीन आहे.

लुदोविकोनं तक्रार भरली. फी रोख.
रात्री अकरापर्यंत मी सतरा नंबर उघडत होते,
माझंच सील माझ्याच पकडीनं तोडून.
वॉल्व्ह तेच. स्प्रिंग त्याच. टर्बो तोच.
"मग फरक कुठे आहे?" पोरानं विचारलं,
खरोखरच विचारलं.
वही माझ्या काखेत होती.
मी म्हटलं, तक्रार फेटाळली, इथे सही कर.

ऑगस्ट सुट्टीचा. मी हासेल्टला टोमॅटो लावले, मेले.

सप्टेंबर, मोन्झा. एकोणीस.
पट्ट्या आता सीटखाली मावेनात,
उरलेल्या डाव्या पायाजवळ बसवाव्या लागल्या.
मी उपडी पडून बोल्ट शोधत होते तेव्हा
कुणीतरी मागून टॉर्च धरला.
लुदोविको. त्याची गाडी रांगेत मागेच होती.
त्यानं पट्ट्या मोजल्या असणार,
उजेड एकदा हलला,
मग शेवटचा बोल्ट बसेपर्यंत हलला नाही.

ऑक्टोबर, झोल्डर. सहावीस.
माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर शेवटची शर्यत,
कालव्यावर धुकं, सॉसेजचा वास.
पाव या वेळी नेझकानं भाजलेले, कडा करपलेल्या.
ब्लाझ म्हणाला, "जमतंय तिला."
अकरावा. लुदोविको दहावा,
मागे वळून न बघणारा लुदोविको
आरशात कितीदा बघत होता ते
कॅमेऱ्यावर दिसतं.

शर्यतीनंतरचा काटा : बाराशे साठ. बरोब्बर.
पट्ट्या त्यानं स्वतःच सोडवल्या,
एकेक पुसून माझ्या पेटीत रचल्या.
"मोजून घे. उसनं होतं."

पेटी आता माझ्या गॅरेजमध्ये.
मार्चमध्ये नवी यादी येईल, चोवीस नावांची.
संध्याकाळी कधी एक पट्टी तळहातावर झेलते,
डोळे मिटून आकडा सांगते,
मग काट्यावर टाकते.
चाळीस ग्रॅमनी चुकते.
अजून चुकते.