पाहा: सोम्या

कागद बोलतात, असं कुणीतरी म्हणून ठेवलंय.
बोलत नाहीत.
धुळ्याच्या दप्तरखान्यात चौतीस वर्षं
मी त्यांच्यापुढे बसले आहे,
रुमालाची गाठ दाताने सोडवून,
कडुनिंबाचा जुना चुरा मांडीवरून झटकत.

छप्पन्या दुष्काळाची दोन पुस्तकं.
एक बालगृहाचं. मोडी, पण काय देखणी मोडी!
लिहिणाऱ्याने दर चार ओळींनी बोरू तासला असणार.
मुलगा. वय अंदाजे पाच. जात भिल्ल.
जुने नाव सोम्या. नवे नाव शीलास.
आईबाप: नाहीत.
खाली तेच. नाहीत. नाहीत.
मग हात दुखला असेल, नुसतीच रेघ,
एकोणसाठ मुलांच्या आईबापांवरून
एका दमात खाली ओढलेली.

दुसरं पुस्तक खडी फोडण्याच्या कामाचं.
हे कुणी मागत नाही,
हिशेबाचं आहे, आणि कसरीने चाळण केलेलं.
त्यातही चौदा मे, सोमवार.
झिणी, सोम्याची आई. हजर.
पंधरा. हजर.
सोळा. गैरहजर.
सतरा. गैरहजर, मजुरी कापली.
अठरापासून पुन्हा हजर,
थेट आषाढापर्यंत.

मी पेन्सिल खाली ठेवली. (शाई आत नेऊ देत नाहीत.)

ते दोन दिवस ती कुठे गेली होती
हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही.
परिसंवादात एकांनी विचारलं, पुरावा काय?
म्हटलं, कापलेली मजुरी.
सभ्य गृहस्थ होते. म्हणाले,
पण पोरं जगली ना तिथे? जेवली?
जेवली. भात, रविवारी गूळ.
तेही लिहिलंय मी, चौथ्या प्रकरणात, शेर-छटाकासकट.
भूक झिणीलाही होती.
तिला कुणी शीलासची आई म्हणून
फाटकाच्या आत घेतलं नाही.

साक्रीच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी तो पाडा.
छायाप्रती पिशवीत घेऊन गेले.
मालच्यांच्या घरात म्हातारा दित्या होता,
मंगळ्या होता, बुध्या, शुक्र्या,
अंगणात शेळीमागे धावणारी शनवारी.
जन्माचा वार तेच नाव.
सोम्या नव्हता.
पाच पिढ्यांत एकही नाही.
सोमवारी झालेल्यांना पाखराचं, झाडाचं,
हाताला येईल ते नाव दिलेलं.
का, विचारलं तर दित्या हसला,
आणि त्याची बायको चुलीपासून न उठता म्हणाली,
'तो उना तं नाव लागी ना त्याले.'

मी जे पाच वर्षं जुळवत होते
ते त्यांनी घरात असं रिकामं जपलेलं,
पाहुण्याची खाट कुणी वापरू नये तसं.

धाकटी सून, दिवस भरत आलेले,
कागदावरच्या त्या वळणदार अक्षराकडे बघत राहिली.
'पण बाई, त्याला दुसरं नाव दिलं ना तिथं?
मग आमचं आता मोकळं झालं का?'

मी चष्मा पुसला.
बालगृहाच्या पुस्तकात त्याची शेवटची नोंद
एका शब्दाची आहे: रवाना.
कुठे, तो कोपरा कसरीने नेला.
म्हटलं, मला माहीत नाही.
तिने नागलीची भाकर पुढे सरकवली.
खाली मान घालून खाल्ली.

आता पुस्तक छापखान्यात आहे, मी सूची करते आहे.
प्रकाशकांचा निरोप: एका पोराची दोन नावं कशाला,
नोंद एकच ठेवा, कागद महागलाय.
ऐकलं नाही.
श खाली लिहिलं:
शीलास, पाहा: सोम्या.
आणि स खाली:
सोम्या, झिणीचा मुलगा, ११२, ११५ ते ११९, तळटीप ४३.

पाड्यावरून अजून फोन नाही.
मध्ये दोन सोमवार गेले.