गॅस्केट

झाकण उघडायच्या आधीच बुरशी कळली मला, वासावरून.
ओल्या पुठ्ठ्याचा वास, कपाटात विसरलेल्या चामडी पट्ट्याचा.
कोपरखैरणे, सेक्टर चौदा, मागची मोरी,
आणि जांभळाच्या वाइनवर
साय धरावी तशी पांढरी, मधोमध हिरवट मखमल.

"तुमच्या हातून?" विदुला म्हणाली.
एवढंच. पुढचं तिने चहात ढवळलं.

तुर्भ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या बॅचेस नाकारल्या.
सलाइनची बाटली उजेडासमोर धरायची,
पापणीच्या केसाएवढा तंतू दिसला तरी
लाल स्टिकर, खाली माझी वळणदार सही.

आधी पाणी शिंपडलं, बीजाणू उडू नयेत म्हणून.
नाकाला विदुलाची जुनी ओढणी बांधली
आणि ओतून दिलं सगळं:
बाळाराम ठाकूरने घणसोलीहून स्कूटरवर आणलेली नऊ किलो जांभळं,
साखर, दोन महिने, शेजारपाजारी मारलेली फुशारकी.
मोरीचं तोंड जांभळं झालं
आणि बराच वेळ आतून गुळगुळत राहिलं.

मग धुण्याचा सोडा. पाणी कोमट, कढत नको;
काच तडकते, मागे एकदा तडकली आहे.
लांब दांड्याचा ब्रश बरणीच्या गळ्यातून आत,
खांद्यापाशी अडतो, तिथे मनगट वळवायचं.
खळबळ. ओता. पुन्हा.
ओलं बोट काचेवर फिरवलं की कुईं वाजायला हवं,
तोवर थांबायचं नाही.
नळी फेकूनच दिली. नळीच्या पोटात काय आहे ते कुणाला दिसतं?
दीड मीटरची तर नळी, तिच्यात कसली काटकसर.

बादलीभर पाण्याला मोजून चमचाभर ब्लीच.
व्हिनेगर त्या दिवशी मोरीत पाऊलसुद्धा टाकणार नाही.
वीस मिनिटं. गजर लावून मी स्टुलावर बसून राहिलो,
देवळाबाहेर चपला राखणाऱ्यासारखा.

फसवलं ते प्लास्टिकच्या पिंपाने.
उजेडासमोर धरलं, जुनी सवय,
तर आत ओरखडे, बारीक, गोल गोल,
तारेच्या घासणीचे.
माझेच.
दर खेपेला थोडं आणखी स्वच्छ, थोडं आणखी,
असं करत मीच नांगरून ठेवली होती जमीन.
तिने काय, पडेल ते उगवलं.

झाकणातलं रबर नखाने उपसलं.
खाली काळी कड,
काजळाचं बोट फिरवल्यासारखी.

जगदीश कडू. उरणचा. भरणी विभाग, सत्त्याण्णव साल.
प्लेट क्रमांक सात, दोन ठिपके.
मी लिहिलं: ऑपरेटरच्या हातांची अस्वच्छता.
त्याने हात पुढे केले होते, दोन्ही, तळवे वर,
नखं मुळापर्यंत कापलेली.
मी हातच बघितले.
यंत्राचं गॅस्केट काढून बघा, असं कुणी म्हटलं नाही,
म्हणायचं माझंच काम होतं.
असेलही तिथे काही. नसेलही.
यंत्र भंगारात गेलं, कारखान्याच्या जागी काचेची इमारत आली,
तिच्या खिडक्या उघडत नाहीत.

पिंप टाकून देतो म्हटलं.
"राहू द्या, कढीलिंबाला पाणी घालायला होईल," विदुला म्हणाली.
बरणी गच्चीत उपडी ठेवली, दोन विटांवर,
तोंडाखाली हवा खेळेल अशी.
खाडीवरून वारा येत होता,
त्यातही बीजाणू असणारच, कुणाकुणाला स्टिकर लावणार.

रात्री बाळारामचा फोन.
"काका, बाजारात अननस आलाय, मस्त आहे, आणू?"
मी तळहाताचा वास घेतला. ब्लीच,
त्याच्याखाली अजून थोडं जांभूळ.
म्हटलं, थांब जरा.
रबर नवीन आणायचंय आधी.
आणि ऐक, उरणला तुझे कुणी कडू ओळखीचे आहेत का?